चहापानावर पंचवीस सह्या

घाटकोपरच्या पंतनगरातल्या सुबोध सोसायटीच्या चहापानाला सत्तावीस घरांना आमंत्रण होतं. एक माणूस आला, आणि तो विरोधी पक्षनेता होता.

असं काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी वार्षिक सभेत जो अहवाल वाचला गेला त्यात 'सभेपूर्वीचे चहापान खेळीमेळीच्या वातावरणात पार पडले' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. खाली सेक्रेटरींची सही आहे आणि सभेने तो अहवाल हात वर करून मंजूर केलेला आहे. त्या हातांमध्ये हर्षद परबचाही एक हात होता. तेव्हा पुढे जे सांगायचं आहे ते घडलेलंच नाही असं धरून चालावं. हर्षदला तर तसंच धरून चालायला फार आवडलं असतं.

हर्षद एकोणतीस वर्षांचा. साकीनाक्याला पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत तो तक्रारींना उत्तरं लिहायचा. 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य तो दिवसाला साठ वेळा लिहायचा आणि साठपैकी एकदाही त्याला काही वाटायचं नाही. नोकरीत हा गुण लागतो. याच गुणावर खूश होऊन सोसायटीच्या विरोधी पक्षाने त्याला पत्रलेखक नेमलं होतं.

अठ्ठावीस घरांच्या सोसायटीला विरोधी पक्ष कशाला, असं कुणी लवूनाना घाडींना विचारलं नाही, कारण नानांनी त्यालाही विरोध केला असता. गिरणी बंद पडल्यावर नानांनी पुष्कळ नोकऱ्या केल्या, त्या सगळ्या सुटल्या. विरोध तेवढा टिकला. जुनी इमारत पाडून ही सात मजली उभी राहिली त्या वर्षी नानांनी पेपरात वाचलं की, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार विरोधकांना चहाला बोलावतं आणि विरोधक त्या चहावर बहिष्कार घालतात. दर अधिवेशनाला, न चुकता. नानांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी कमिटीकडे लेखी मागणी केली, आपल्याकडेही वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी चहापान ठेवा.

चेअरमन जयवंत पेडणेकर सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, नाना, तुम्ही येणार असाल तर जरूर ठेवू.

"मी कित्याक येतलंय?" नाना म्हणाले. "माका बहिष्कार घालूचो आसा. तुमी चायच ठेवलास नाय, तर तो घालू खंयसर?"

तेव्हापासून नऊ वर्षं हे शिस्तीत चाललं होतं. आधी नानांची पाच घरं कोऱ्या कागदावर सह्या करायची. कारणं हर्षद वर मागाहून टाईप करायचा, कारण नानांच्या मते कारणं ऐनवेळी बदलू शकतात, माणसं बदलता कामा नयेत. दुसरी लिफ्ट, गच्चीची किल्ली, टाकीचं झाकण, असं जे त्या वर्षी चालू असेल ते. पत्र लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागायचं. सहा वाजता कमिटीची माणसं ऑफिसात चहा प्यायची आणि सात वाजता उरलेला चहा थर्मासमधून बहिष्कारवाल्या पाच घरी जायचा. नाना तो व्यक्तिगत पातळीवर प्यायचे आणि साखर कमी आहे म्हणून तिथेही विरोध नोंदवायचे.

यंदा सेक्रेटरी झाले भीमराज साळवे. टेलिफोन खात्यातून निवृत्त, सातव्या मजल्यावर राहायला, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. सेक्रेटरीपद कुणालाच नको होतं, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. गुच्छ देताना जयवंतराव म्हणाले की, आपल्या सोसायटीत असलं-तसलं काही कुणी मानत नाही. कुणी विचारलं नव्हतं. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

साळवेकाकांचा मुलगा केतन हा हर्षदचा पहिलीपासूनचा दोस्त. जुन्या इमारतीत दोघांच्या घरांत एकच भिंत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या भिंतीवर टकटक करून ते एकमेकांना उत्तरं सांगायचे, आणि दोघेही एकाच धड्यात नापास व्हायचे.

सप्टेंबरात सोसायटीच्या ऑफिसचं छत गळायला लागलं. साळवेकाकांनी फळ्यावर सूचना लावली: यंदाचे चहापान शनिवारी सायंकाळी सहा वाजता सेक्रेटरींच्या राहत्या घरी, सर्वांनी सहकुटुंब यावे. सूचनेवर कुणी काही बोललं नाही. लिफ्टची वाट बघताना लोक ती वाचायचे आणि मग लिफ्ट न घेता जिन्याने जायचे, एवढंच.

गुरुवारी हर्षद कोरा कागद घेऊन सह्यांना निघाला. आपलं घर सोडून नेहमीच्या चार घरी पंधरा मिनिटांत काम आटोपलं. तो परत निघाला तर तिसऱ्या मजल्यावरच्या क्षमाताईंनी हाक मारली. त्या कमिटीच्या खजिनदार. म्हणाल्या, मलाही सही करायची आहे. हर्षदने सांगितलं, ताई, हा तुमच्याविरुद्ध आहे. त्या म्हणाल्या, असू दे, आणि सही केली. मग त्यांच्या समोरचे आले. मग वरून दोघं आले. रात्रीची जेवणं व्हायच्या आत कागद दोन्ही बाजूंनी भरला आणि हर्षदने वहीतून पुरवणी फाडली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी: हर्षदला आनंद झाला. त्याला वाटलं, ही आपल्या लेखणीची ताकद. गेल्या वर्षी त्याने दुसऱ्या लिफ्टवर एक परिच्छेद लिहिला होता, त्यात 'ज्येष्ठ नागरिकांच्या गुडघ्यांची हेळसांड' असे शब्द होते. ते लोकांच्या मनात रुतले असणार. जिन्यात उभ्या-उभ्या त्याने यंदाच्या परिच्छेदाची जुळवाजुळवसुद्धा सुरू केली.

शेवटी स्वतः जयवंतराव खाली आले, चष्मा लावला, आणि पुरवणीवर चोविसावी सही केली.

"मुद्दे पटले," ते म्हणाले.

"कुठले, काका?"

"सगळेच."

हर्षदने कागद उलटा करून बघितला, मग सुलटा करून. त्यावर चोवीस सह्या होत्या आणि एकही शब्द नव्हता.

जयवंतरावांनी तो काय बघतोय ते बघितलं. चष्मा खिशात घातला. "साळवेसाहेब माणूस सोन्यासारखा आहे रे," ते म्हणाले. "प्रश्न तत्त्वाचा आहे." आणि जिन्याने वर गेले. ते पाचव्या मजल्यावर राहत होते आणि गुडघे त्यांचेही दुखत होते.

घरी आई, म्हणजे रत्नप्रभा, पोळ्या लाटत होती. पाच घरांत परबांचं घर होतंच, पण तिथे सही दरवर्षी हर्षद करायचा आणि यंदा ती अजून व्हायची होती. आईने पीठ लागलेले हात पुसले आणि पेन मागितलं.

"तू कशाला? मी करतोय की."

"सगळ्यांनी केल्या ना? मग माझी राहायला नको," आई म्हणाली, आणि 'सौ. रत्नप्रभा परब' असं तिच्या शाळेतल्या अक्षरात पुरं लिहिलं. पंचविसावी. बाकी इमारतीत साळवेंसारखी दोनच घरं होती; एक बंद होतं आणि दुसऱ्यातले लोक लग्नाला नाशिकला गेले होते. म्हणजे जे जे सही करू शकत होते त्यांनी केली होती. त्या इमारतीत इतकं एकमत पाण्याच्या टँकरवरही कधी झालं नव्हतं.

हर्षद नानांकडे गेला. नाना कागद बघून लाल झाले, पण भलत्याच कारणाने. बहिष्कार हा विरोधकांचा हक्क, तो सत्ताधाऱ्यांनी पळवला असं त्यांचं म्हणणं पडलं. सरकारच सरकारच्या चहावर बहिष्कार घालायला लागलं तर लोकशाहीची वाट लागली म्हणायची.

"नाना, लोकांनी कशासाठी सह्या केल्यात ते कळतंय ना तुम्हाला?"

नानांनी कागदाची घडी घालून तो विरोध न नोंदवता परत दिला. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. मग म्हणाले, "माका सगळा कळता, झिला. चौऱ्यात्तर वर्सां हीच माणसां बघतंय." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

शनिवारी दुपारी हर्षद केतनबरोबर ऑफिसातल्या खुर्च्या सातव्या मजल्यावर चढवत होता. तीस खुर्च्या, चारचार करून. सोसायटीचे निळ्या काठाचे कपही वर गेले. घरात आल्याचा आणि गवती चहाचा वास भरला होता, कमलकाकूंनी डबाभर शंकरपाळ्या केल्या होत्या. साळवेकाका इस्त्रीच्या शर्टात घराची बेल वाजते की नाही ते बाहेर जाऊन तपासत होते, आणि आत येऊन काकूंना विचारत होते, ऐकू आली का.

"तुझं बहिष्काराचं पत्र कुठाय?" काकांनी हर्षदला विचारलं. "लाव बाबा वेळेवर. त्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही." त्यांनी चिकटपट्टी स्वतः काढून दिली.

काकूंनी विचारलं, थर्मास किती घरी पाठवायचा यंदा?

या प्रश्नाचं खरं उत्तर पंचवीस होतं आणि ते हर्षदच्या मागच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेलं होतं. अजून तीन तास होते. तेवढ्या वेळात काकांना सांगता आलं असतं, खुर्च्या खाली नेता आल्या असत्या, छत गळतंय म्हणून कार्यक्रमच पुढे ढकलता आला असता. एका वाक्याचं काम होतं. रोज साठ वाक्यं लिहिणाऱ्या माणसाला ते एक जुळवता आलं नाही.

"पाचच," तो म्हणाला.

खाली जाऊन त्याने पत्र लावलं. एका नव्या कागदावर दुसऱ्या लिफ्टचा परिच्छेद, खाली नेहमीच्या पाच घरांची नावं. वीस नावं त्याने गाळली. हे त्याने साळवेकाकांना वाईट वाटू नये म्हणून केलं, असं तो स्वतःला सांगत होता. परिच्छेद मात्र चांगला उतरला होता. ते त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून त्याला स्वतःची किळस आली.

सहा वाजले. इमारतीत एकही दार वाजलं नाही. सव्वीस घरांची माणसं एका वेळी घरात असून इमारत इतकी शांत असू शकते हे हर्षदला ठाऊक नव्हतं. टीव्हीसुद्धा लोकांनी हळू ठेवले होते. सहा वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार सरकलं. हर्षदने आपल्या दारातून डोकावून बघितलं. लवूनाना उभे होते, पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात काठी.

"खंय बघतंस?" नाना म्हणाले. "सत्ताधारी बहिष्कार घालतत, तर विरोधकांनी हजर रवाक व्हया. इतका साधा आसा." आणि लिफ्ट वर गेली.

मनात असतं तर हर्षद त्याच लिफ्टमध्ये शिरला असता. तो जिन्याने गेला, म्हणजे विचार करायला पाच मजले मिळतील म्हणून. विचार झाला नाही, दम लागला.

साळवेंचं दार सताड उघडं होतं. तीस खुर्च्यांच्या पाच रांगा, त्यातल्या पहिल्या रांगेत नाना. ते गुडघ्यांच्या हेळसांडीवर बोलत होते, मुद्देसूद, सभागृहात बोलावं तसं. समोर साळवेकाका डायरीत टिपून घेत होते. नानांच्या हातातल्या बशीत चहा होता आणि ते मधूनमधून थांबून तो फुर्रकन ओढत होते. केतन शेवटच्या रांगेत मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. बाकीचे कप टेबलावर उपडे.

काकांनी वर बघितलं. "हर्षद, लिफ्ट बंद पडलीय का रे?"

त्यांना कारण हवं होतं. कुठलंही चाललं असतं. आणि कारणं पुरवणं हे तर हर्षदचं कामच.

"हो काका," तो म्हणाला. "मघापासून मध्येच अडकतेय."

नाना लिफ्टने आले होते. नानांनी बशीत बघितलं.

"तरीच," काका म्हणाले, आणि डायरीत लिफ्टपुढे अजून एक रेघ मारली.

कमलकाकू कप घेऊन पुढे आल्या. "बस रे. दमलास. चहा घेतोस ना?"

हर्षदला सांगायचं होतं की काकू, हा चहा प्यायचा मला काही अधिकार नाही. खिशातला कागद काढून टेबलावर ठेवायचा होता. त्याने तोंड उघडलं.

"आत्ताच झाला, काकू."

काकूंचा हात तसाच राहिला. त्या हसल्या, वाईट नाही, ओळखीचं हसल्या.

"आईवर गेलास," त्या म्हणाल्या. "तिचाही नेहमी आत्ताच झालेला असतो."

जुन्या इमारतीत काकू रोज चार वाजता भिंतीवर थाप मारून आईला चहाला बोलवायच्या. आई उंबऱ्याबाहेर उभी राहून, अगदी मायेने, तेवढंच वाक्य म्हणायची. मग दोघी अर्धा अर्धा तास दारात गप्पा मारायच्या. वीस-बावीस वर्षं. हर्षदला लहानपणी वाटायचं, आपली आई फार चहा पिते.

त्याने काकूंच्या हातून कप घ्यायला हात पुढे केला, पण तोवर त्या वळल्या होत्या. तो कप त्यांनी नानांपुढे ठेवला. नाना म्हणाले साखर कमी आहे, आणि तो दुसरा कपही प्यायले. हर्षद दारातूनच येतो म्हणाला.

सात वाजता परबांच्या घरची बेल वाजली. केतन थर्मास घेऊन आला होता, पाच घरांच्या यादीतलं शेवटचं घर.

"लिफ्ट चालू आहे," केतन म्हणाला. "मी आत्ता तिच्यातूनच आलो."

हर्षदने दार पूर्ण उघडलं.

"साल्या, मला तरी सांगायचंस. फोन करायचास. बाबा पावणेसहापासून दारात उभे होते." त्याने थर्मास पुढे केला. "घे. व्यक्तिगत पातळीवर घे."

आईने थर्मास घेतला, केतनला बस म्हणाली, त्याच्या आईची तब्येत विचारली, आणि तो गेल्यावर थर्मास ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. गेली नऊ वर्षं ती तो लगेच उघडायची. हर्षद तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, "घेऊ की नंतर. आत्ताच तर झाला."

मग हर्षदने ओट्यापाशी उभं राहून तो सगळा चहा प्यायला. पाच कप भरले. आलं-गवती चहा घातलेला, चांगला उकळलेला, साखर अगदी बरोबर.  आई कढीपत्ता निवडत राहिली, निवडून झाल्यावर पुन्हा तोच निवडायला घेतला. पाचव्या कपाला हर्षदच्या पोटात आग पडली. पण एकट्याने घरी प्यायलेला चहा हजेरीत धरत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

रविवारी सकाळी सभेला सगळे आले, अगदी वेळेवर, लिफ्टने. साळवेकाकांच्या अंगावर आदल्या दिवशीचाच इस्त्रीचा शर्ट होता. अहवालाचा नमुना आधीच्या सेक्रेटरींकडून आलेला, त्यात चहापानाचं वाक्य तयारच होतं. ते वाक्य काकांनी इतर वाक्यांइतक्याच आवाजात वाचलं. वाचताना कुणाकडे बघितलं नाही, ही त्यांनी सभेवर केलेली मेहेरबानी होती, आणि सभेने ती घेतली. जयवंतराव म्हणाले, मंजूर असल्यास हात वर करावेत. हात वर झाले. नानांनी विरोध नोंदवला. कशाला ते विचारलं गेलं नाही. हर्षदने आपला हात वर गेलेला बघितला. शेजारची खुर्ची केतनची होती. केतन एक खुर्ची सोडून पलीकडे जाऊन बसला होता.

त्या दिवशी दुपारी हर्षदने एक पत्र टाईप करायला घेतलं. 'दिलगीर आहोत' पर्यंत आला आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तासाभराने जे उरलं ते त्याने सोसायटीच्या पेटीत टाकलं. आवक क्रमांक पडलेला आहे, उत्तर आलेलं नाही.

प्रति,
मा. सचिव,
सुबोध सहकारी गृहनिर्माण संस्था,
पंतनगर, घाटकोपर (पूर्व).

विषय : दिनांक २० सप्टेंबरचा शनिवार पुन्हा घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त दिवशी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अर्जदार आपल्या दारात हजर होता, परंतु आत आला नाही. लिफ्ट चालू होती. चहापानावरील बहिष्कारासाठी झालेल्या पंचवीस सह्या, मूळ कागद व पुरवणीसह, सोबत जोडल्या आहेत. त्या आपणास शनिवारी दुपारी तीन वाजता देणे आवश्यक होते.

तरी नम्र विनंती की, सदर शनिवार त्याच दिनांकास, त्याच वेळी, पुन्हा आयोजित करण्यात यावा. संपूर्ण शनिवार घेणे संस्थेस शक्य नसल्यास सहा दहा ते सहा पंधरा एवढाच भाग घेण्यात यावा. अर्जदार स्वखुशीने जिन्याने येईल. अर्जदाराने त्यापूर्वी कोठेही चहा घेतलेला नसेल.

योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

आपला,
हर्षद परब
सदनिका क्र. २०४